श्वासाचं शिक्षण

१९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेली मुलं ब्लेगडम हॉस्पिटलात येत होती आणि श्वास देणारी यंत्रं होती बोटांवर मोजण्याइतकी. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने गळ्याला छेद देऊन नळी बसवून घेतली आणि रबरी पिशवी हाताने दाबून फुप्फुसांत हवा भरली. मग सुमारे १५०० विद्यार्थी पाळ्या लावून रात्रंदिवस पिशव्या दाबत बसले. मृत्यूचं प्रमाण ८० टक्क्यांच्या वर होतं, ते २५च्या आसपास आलं.

हे सगळं मी वाचलं ते भाचीमुळे. बारावीनंतर तिने रेस्पिरेटरी थेरपीचं नाव काढलं. आजी म्हणाली, "म्हणजे नर्स गो?" भावोजींनी हिशेब मांडला, "चार वर्षं पैसे भरून ऑक्सिजनची नळी लावायला शिकायची?"

मी आर्ट्सवाला कारकून. पण कागद वाचायची सवय आहे, म्हणून अभ्यासक्रम वाचून काढला. मनगटाच्या धमनीतून रक्त घेऊन त्यातले वायू तपासायचे. ऑक्सिजन हेही औषधच, त्याचीही मात्रा ठरवायची. दम्याच्या रुग्णाला फवारा नीट ओढायला शिकवायचं. व्हेंटिलेटरवर किती हवा द्यायची हे रुग्णाच्या वजनावर नव्हे, उंचीवरून ठरतं. कारण माणूस जाडा झाला म्हणून फुप्फुसं मोठी होत नाहीत! जास्त हवा भरली तर तीच फुप्फुसांना इजा करते. आणि सगळ्यात नाजूक काम म्हणजे यंत्राचा आधार हळूहळू काढून घेणं. घाई केली तर रुग्ण दमतो, उशीर केला तर स्नायू आळसावतात, जंतुसंसर्ग होतो.

२०२१च्या मे महिन्यात ऑक्सिजन आणि व्हेंटिलेटर हे शब्द गोव्यात घरोघरी पोचले. पण यंत्राशेजारी रात्रभर उभं राहणाऱ्या माणसाच्या हुद्द्याचं नाव कुणाला ठाऊक होतं? त्याच वर्षी संसदेने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी कायदा केला. त्यात श्वसनतंत्रज्ञही आहेत. कागदावर नाव आलं, हेही थोडं नाही. सरकारी नोकरीत इतकी वर्षं काढल्यावर त्याची किंमत मला कळते.

भाची आता मणिपालला शिकते. भावोजींनी फी भरली, पण विचारणाऱ्याला अजून "मेडिकल लायनीत आहे" एवढंच सांगतात. असो. कोपनहेगनच्या त्या मुलांच्या कामाला तरी तेव्हा कुठे नाव होतं? पिशवी मात्र त्यांनी सोडली नाही.