प्रवरेच्या काठाने उगमाकडे

अहिल्यानगर जिल्ह्यात येणारा प्रवासी बहुधा देवदर्शनासाठी येतो. शिर्डी, शनिशिंगणापूर, नेवासे अशी स्थळे त्याच्या यादीत असतात, आणि दोन दर्शनांच्या मधल्या वेळात महामार्गावरच्या एखाद्या ढाब्यावर तो जेवण उरकून घेतो. तेथे मिळणारे पनीर आणि तंदुरी रोटीचे ताट नाशिकच्या वाटेवरही तेच असते आणि पुण्याच्या वाटेवरही तेच. वाचकहो, पुढच्या सुटीत आपण कुटुंबासह या जिल्ह्यात येणार असाल, तर एक निराळी वाट सुचवावीशी वाटते. प्रवरा नदीचा काठ धरा आणि तिच्या प्रवाहाच्या उलट दिशेने, संगमाकडून उगमाकडे चला. क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्यात पाऊस कसा बदलत जातो, त्याबरोबर पीक कसे बदलते आणि पिकाबरोबर ताट कसे बदलते, हे या एका नदीच्या काठाने पाहता येते.

प्रवरासंगम येथे प्रवरा गोदावरीला मिळते. तेथून जवळच नेवासे आहे. इसवी सन १२९० मध्ये ज्ञानेश्वरांनी येथेच ज्ञानेश्वरी सांगितली, आणि ज्या खांबाला टेकून त्यांनी ती सांगितली असे मानतात, त्या पैसाच्या खांबाचे दर्शन घेण्यासाठी आजही लोक येतात. जिल्ह्याच्या या पूर्व भागात वर्षाकाठी ५००-६०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि पुष्कळदा तेवढाही पडत नाही. त्यामुळे येथील जुने ताट कोरडवाहू रानाने घडविलेले आहे. खरिपात बाजरी, रब्बीत ज्वारी, आणि सोबतीला हुलगा, मटकी व तूर.

या भागात कोणाच्या घरी पाहुणचार घेण्याचा योग आला, तर हुलग्याचे शेंगोळे मिळतील का, असे संकोच न करता विचारावे. हुलग्याच्या पिठात लसूण, मिरची व जिरे वाटून घालतात, पीठ घट्ट मळून त्याची हातावर कडी वळतात आणि ती उकळत्या फोडणीच्या पाण्यात शिजवितात. रस्सा त्याच पिठाने दाटसर होतो. हुलग्यात शंभर ग्रॅमला सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात. दूध-दुभते बेताचे असलेल्या घरात हे कडधान्यच अंगमेहनत करणाऱ्याला बळ देत आले आहे. भाकरीचेही तसेच. ज्वारी-बाजरीच्या पिठात गव्हासारखे ग्लुटेन नसते, म्हणून आधणाचे पाणी घालून, तळहाताने रगडून ते एकजीव करावे लागते. पीठ जुने झाले की त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना चिरते. बाजरीच्या पिठात स्निग्धांश अधिक असल्याने ते लवकर कडवट होते. आठवड्यापुरतेच दळण करण्याची आजीची शिस्त यातून आली होती. आपण महिन्याचे पीठ डब्यात भरून ठेवतो आणि भाकरी जमत नाही म्हणून हळहळतो.

मात्र या ताटाची आठवण सुखाचीच आहे, असे समजू नये. १९७२ च्या दुष्काळाची स्मृती असलेली माणसे आजही भेटतात. रोजगाराच्या कामावर खडी फोडणाऱ्यांना वाटलेली सुकडी आणि परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी हे शब्द त्यांच्या बोलण्यात येतातच. मिलोची भाकरी घशाखाली उतरत नसे, असे ते सांगतात आणि ती मिळाली म्हणून जगलो, असेही सांगतात. अन्नाविषयी बोलताना ही दोन्ही वाक्ये एकत्र ध्यानात ठेवावीत.

पुढे श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या काठीच, दायमाबाद आहे. १९७४ मध्ये तेथे सापडलेले रथ, रेडा, हत्ती आणि गेंडा हे धातूचे शिल्पसंच जगप्रसिद्ध झाले. त्या मानाने उत्खननात हाती आलेल्या धान्याच्या अवशेषांची चर्चा थोडी होते. जव, मसूर यांसारखी धान्ये येथील माणसे साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वी पिकवीत होती. या काठावर कोणी तरी पुढच्या पेरणीसाठी मूठभर बी राखून ठेवले, आणि असे राखणे पिढ्यान् पिढ्या चालू राहिले, म्हणून वस्ती टिकली. ही गोष्ट पुढील प्रवासात उपयोगी पडेल.

लोणीच्या परिसरात आलात की दोन्ही बाजूंना ऊस दिसू लागतो. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाने १९५० मध्ये प्रवरानगर येथे आशियातील पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. कर्जाखाली दबलेल्या शेतकऱ्याच्या हाती त्यामुळे पैसा आला, शाळा आल्या, दवाखाने आले. त्याबरोबर ताटही बदलले. पाटपाण्याच्या भागात ज्वारी-बाजरीची रोजची जागा हळूहळू गव्हाच्या पोळीने घेतली आणि पूर्वी सणासुदीला दिसणारी साखर दिवसातून चार वेळा चहातून पोटात जाऊ लागली. दारिद्र्य हटले याचा आनंद मानावा, आणि ताटातून काय वजा झाले याचाही हिशेब ठेवावा.

येथून नदीची वाट थोडा वेळ सोडून उत्तरेला शिर्डीकडे वळावे. शिर्डीला जाऊनही साईबाबा स्वतः उत्तम स्वयंपाकी होते, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक असते? गोविंद रघुनाथ दाभोलकर यांनी ‘श्री साईसच्चरिता’च्या अडतिसाव्या अध्यायात बाबांच्या हंडीचे सविस्तर वर्णन केले आहे. पन्नास माणसांची एक आणि शंभर माणसांची दुसरी, अशा दोन हंड्या होत्या. बाजारातून धान्य आणि मसाला बाबा स्वतः आणीत, रोख पैसे मोजून देत, मसाला स्वतः वाटीत आणि चुलीचा जाळही स्वतःच सारीत. कधी गोड भात, कधी मांस घातलेला पुलाव, कधी कणकेचे मुटके सोडलेले वरण असे. मात्र जो मांस खात नसे त्याला त्याचा आग्रह होत नसे. याच हंडीत कधी आंबीलही शिजे. ज्वारीचे पीठ पाण्यात शिजवून त्यात ताक मिसळले की आंबील झाली. गरिबातल्या गरीब घरातही होणारा हा पदार्थ उन्हाच्या दिवसांत पोटाला थंडावा देतो आणि आजाऱ्यालाही पचतो. हंडी उतरली की दीनदुबळ्यांना वाढले जाई.

त्या हंडीची परंपरा शिर्डीच्या प्रसादालयाने मोठ्या प्रमाणावर चालविली आहे. हजारो भाविकांचा स्वयंपाक करण्यासाठी २००९ मध्ये तेथे ७३ सौर तबकड्यांची यंत्रणा बसविण्यात आली. तबकड्यांनी गोळा केलेल्या उन्हावर पाण्याची वाफ होते आणि त्या वाफेवर डाळ-भात शिजतो. मुलांना बरोबर नेले असेल तर ही योजना त्यांना आवर्जून समजावून सांगावी.

आता पुन्हा प्रवरेकडे येऊ. संगमनेर तालुक्यात नदीकाठी जोर्वे नावाचे गाव आहे. १९५०-५१ मध्ये येथे झालेल्या उत्खननातून महाराष्ट्राच्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची संस्कृती प्रकाशात आली, आणि तिला ‘जोर्वे संस्कृती’ असेच नाव पडले. तांबड्या रंगावर काळी नक्षी काढलेली, लांब तोटीची भांडी ही तिची ओळख. आपल्या स्वयंपाकघराचा इतिहास इतका जुना आहे, हे या साध्या गावाच्या वेशीवर उभे राहिले की जाणवते.

संगमनेर ओलांडून अकोल्याकडे निघालात की हवा पालटते. डोंगर जवळ येतात, भाताची खाचरे दिसू लागतात, उतारावर नागली आणि वरई डोलू लागते. महादेव कोळी आणि ठाकर या आदिवासी समाजांचा हा मुलूख आहे. येथला पावसाळी स्वयंपाक अर्धाअधिक रानातून येतो. कुर्डू, कोळू, चाई, भारंगी, तेरा अशी रानभाज्यांची नावे घ्यावीत तितकी थोडी. प्रत्येकीची रीत वेगळी. भारंगीचा पाला कडू, म्हणून उकडून पाणी टाकून द्यायचे. तेऱ्याने घसा खाजतो, म्हणून तो चिंचेसारख्या आंबटाबरोबर नीट शिजवायचा. ही विद्या पुस्तकातून येत नाही. जाणत्या माणसाने ओळखून दिल्याशिवाय पर्यटकाने रानातली कोणतीही पाने खुडून खाऊ नयेत.

याच अकोले तालुक्यात कोंभाळणे हे गाव आहे. राहीबाई सोमा पोपेरे या गावच्या. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. घरातला नातू आजारी पडला आणि फवारणी केलेल्या, विकतच्या भाजीपाल्याशी त्याचा संबंध असावा असे त्यांच्या मनाने घेतले, असे त्यांनी सांगितलेले आहे. मग त्यांनी आपल्या लहानपणीच्या भाज्यांचे बी शोधायला सुरुवात केली. कोणाच्या परसातला घेवडा, कोणाच्या कुडावर चढलेला वाल, कोणाच्या मडक्यात तळाशी उरलेले भाताचे बी. राखेत घोळून, कडुलिंबाचा पाला घालून ते मातीच्या मडक्यांतून जपायचे, ही वडिलार्जित रीत त्यांनी सोडली नाही. बाएफ या संस्थेची साथ मिळाली, बचतगटांच्या बाया पुढे आल्या आणि घरातील मडक्यांची बीजबँक झाली. ‘बीजमाता’ ही ओळख त्यांना लाभली. २०१८ मध्ये बीबीसीने जगातील शंभर प्रभावी स्त्रियांत त्यांचा समावेश केला आणि २०२० च्या पद्मश्री पुरस्कारांत त्यांचे नाव आले.

या कामाचे मोल समजण्यासाठी एक साधी गोष्ट ध्यानात घ्यावी. संकरित वाणाचे बी राखून पुन्हा पेरले तर पीक मूळ वाणासारखे एकसारखे येत नाही, म्हणून ते दरवर्षी विकत घ्यावे लागते. घेवडा, वाल, भात, नागली यांचे देशी वाण मात्र बहुतांशी स्वपरागीकरणाने फळतात, त्यामुळे त्यांचे बी घरच्या घरी राखता येते. संकरित बियाणे म्हणजे विष नव्हे. त्याने अनेकांची उपासमार टाळली आहे. परंतु एखादा देशी वाण सलग काही वर्षे कोणीच पेरला नाही, तर मडक्यातल्या बियांची उगवण संपते आणि तो वाण कायमचा जातो. अकोल्याचा सुवासिक काळभात, रायभोग, जिरवेल ही भाताची नावे विस्मरणात गेली, तर त्यांच्याबरोबर त्यांचा वास आणि त्यांच्यावर वाढलेली जेवणेही जातील. पुस्तकात नोंदविलेली कृती बियाण्यावाचून रांधता येत नाही.

या ताटाचा आरोग्याशी संबंध काय, असे कुटुंबाचा स्वयंपाक सांभाळणारे विचारतील. नागलीत शंभर ग्रॅमला सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पॉलिश केलेल्या तांदळात ते दहाच्या आसपास भरते. वाढत्या वयाच्या मुलांना आणि चाळिशी ओलांडलेल्या स्त्रियांना म्हणूनच नागलीची भाकरी किंवा आंबील उपयोगी पडते. नागली मोड आणून, वाळवून दळली तर तिच्यातील क्षार शरीराला अधिक चांगले लागू पडतात. बाजरीतील लोह अंगी लागावे म्हणून ताटात लिंबाची फोड असू द्यावी. जिल्ह्याच्या दक्षिणेकडचा श्रीगोंदा तालुका लिंबांसाठी प्रसिद्धच आहे. जेवणावर लगेच चहा मात्र घेऊ नये, त्याने लोहाचे शोषण कमी होते. नागली झाली तरी ते पिष्टमय धान्यच आहे, तेव्हा मधुमेही व्यक्तींनी भाकऱ्यांची संख्या मोजूनच खावी.

प्रवास संपवायचा तो रतनवाडीला, अमृतेश्वराच्या प्राचीन मंदिरापाशी. समोर रतनगड आणि त्याच्या कुशीत प्रवरेचा उगम. खाली १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणाचे पाणी पसरलेले. घाटघरच्या बाजूला वर्षाला हजारो मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्याच नदीच्या दुसऱ्या टोकाला नेवाशाचा शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो. येथे मुक्काम केलात तर यजमानांना शहरी जेवणाची फर्माइश करू नका. घरात आज जे शिजणार असेल तेच वाढा, असे सांगा. नागलीची भाकरी, वालाची आमटी, मोसमातली रानभाजी आणि हातसडीचा भात समोर येईल. हा वाण कोणता, बी कोठून आणले, हे मुलांना विचारू द्या. घरची बाई आनंदाने सांगेल.

आणि निघताना मूठभर घेवड्याचे बी मागून घ्या. गॅलरीतल्या मोठ्या कुंडीतही हा वेल चढतो. पावसाळ्याच्या तोंडी पेरा, शेंगा खा, पण वेलावरच्या पहिल्या काही जोमदार शेंगा तोडू नका. त्या पूर्ण वाळू द्या, सोला, राख लावून बरणीत ठेवा आणि बरणीवर गावाचे नाव व वर्ष लिहा. बीजबँकेचा व्यवहार नेलेल्यापेक्षा अधिक परत करण्याचा असतो. पुढच्या वर्षी त्यातले अर्धे शेजारी द्या, आणि पुन्हा अकोल्याला जाणे झालेच तर थोडे त्या घरी परत न्या.