लाल किल्ल्यातील बराकी

लाल किल्ल्यातील लष्करी बराकी इंग्रजांनी १८५७च्या उठावानंतर बांधल्या आणि त्यांच्यासाठी जागा केली ती शहाजहानच्या राजवाड्याचा मोठा भाग पाडून. किल्ला पाहायला येणाऱ्याला या बराकी आधी भेटतात, संगमरवरी महाल नंतर. मेट्रोच्या लाल किल्ला स्थानकातून बाहेर पडून लाहोरी दरवाजाने आत जावे. छत्ता चौकातल्या दुकानांच्या दोन रांगा संपल्या की समोर नौबतखाना येतो आणि डाव्या हाताला लांबच लांब, कमानीदार ओसऱ्यांच्या इमारती दिसतात. पर्यटकांची गर्दी नौबतखान्याखालून सरळ दिवाण-ए-आमकडे सरकत असते. मी मात्र संगमरवर शेवटी पाहायचा, असे ठरवून आलो होतो, म्हणून गर्दी सोडून डावीकडे वळलो.

किल्ल्याचे बांधकाम १६३८ मध्ये सुरू झाले आणि १६४८ मध्ये पुरे झाले. वास्तुकार म्हणून उस्ताद अहमद लाहोरीचे नाव घेतले जाते. तटाचा घेर सुमारे अडीच किलोमीटर. पूर्वेकडे यमुनेच्या अंगाला बादशहाचे महाल एका ओळीत, त्यांच्यामधून वाहणारा ‘नहर-ए-बिहिश्त’ हा कालवा आणि महालांच्या मागे बागा, चौक, जनानखाना, नोकरचाकरांची घरे असा हा पसारा होता. आज नदीकाठची ओळ तेवढी बरीचशी शिल्लक आहे. दक्षिणेकडचा जनानखाना आणि त्याच्या बागा यांची बाजू हजार हजार फुटांची होती आणि युरोपातल्या कोणत्याही राजवाड्याच्या दुप्पट जागा त्यांनी व्यापली होती, असे वास्तुकलेचा इतिहासकार जेम्स फर्ग्युसन याने लिहून ठेवले आहे. उत्तरेकडे हयातबख्श बागेला लागून महताब बाग होती. बराकींमधून चालताना आपण या हरवलेल्या बागेच्या परिसरात चालत असतो, पण पायाखाली तसे काहीच सांगत नाही.

राजवाड्याची झीज इंग्रजांपासून सुरू झाली असे म्हणणे खरे होणार नाही. १७३९ मध्ये नादिरशहाने मयूर सिंहासन नेले. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली, तेव्हा फौजेच्या खर्चासाठी दिवाण-ए-खासच्या छताची चांदी काढून ती आटवली गेली. पानिपताच्या वाटेवरची ही नोंद मराठी वाचकाने डोळ्याआड करू नये. पुढे १७८८ मध्ये रोहिला सरदार गुलाम कादिराने बादशहा शाह आलमचे डोळे काढले, त्या बादशहाला महादजी शिंद्यांनी पुन्हा तख्तावर बसवले आणि त्यानंतर १८०३ पर्यंत दिल्लीवर शिंद्यांचा अंमल राहिला. त्या वर्षी सप्टेंबरात यमुनेपलीकडे पटपडगंजला इंग्रजांच्या जनरल लेकने शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि बादशहा ईस्ट इंडिया कंपनीच्या आश्रयाला गेला. मात्र या सगळ्या उलथापालथीत वैभव लुटले गेले तरी इमारती उभ्या होत्या.

त्या पडल्या १८५७ नंतर. ११ मे रोजी मेरठहून आलेल्या शिपायांनी ऐंशीच्या घरातल्या बहादुरशाह जफरला आपला बादशहा केले. सप्टेंबरात इंग्रजांनी शहर परत घेतले. २७ जानेवारी १८५८ ला दिवाण-ए-खासमध्येच बादशहावर खटला सुरू झाला, ९ मार्चला तो दोषी ठरला आणि त्याला रंगूनला पाठवण्यात आले. १८६२ मध्ये तो तिथेच वारला. इकडे किल्ल्याची छावणी झाली आणि आतल्या बहुतेक इमारती जमीनदोस्त करण्यात आल्या. या पाडापाडीवर सर्वांत कडक शब्दांत लिहिले ते एका ब्रिटिश ग्रंथकारानेच, म्हणजे वर उल्लेख केलेल्या फर्ग्युसनने. पाडणाऱ्यांना आपण काय पाडतो आहोत याचा नकाशा काढून ठेवण्याची गरजही वाटली नाही, हा त्याचा आरोप आहे. जुन्या राजवाड्याची मांडणी समजून घ्यायला त्याला उठावापूर्वी काढलेल्या एका देशी नकाशाचाच आधार घ्यावा लागला. शत्रूचे घर लढाईत पडणे वेगळे आणि लढाई जिंकल्यावर सवडीने, मोजमाप न घेता ते पाडणे वेगळे. दुसऱ्या प्रकाराला सूडाशिवाय नाव नाही.

मोकळ्या झालेल्या जागेवर बराकी उठल्या. त्यांचे रूप समजायला त्या काळच्या गोऱ्या सैन्याची स्थिती माहीत हवी. हिंदुस्थानातल्या ब्रिटिश सैन्याच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी १८५९ मध्ये आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल १८६३ मध्ये आला आणि त्यासाठी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी मोठे काम केले होते. दर हजार गोऱ्या शिपायांमागे वर्षाला ६९ जण मरत होते, असे त्यात आढळले. लढाईपेक्षा कॉलरा, हगवण आणि ताप यांनीच माणसे जात होती. खोल्यांत माणसांची दाटी नसावी, हवा खेळती असावी, झोपायची जागा जमिनीपासून वर असावी, असा आग्रह त्यानंतर धरला गेला. लाल किल्ल्यातल्या बराकींची उंच छते, दोन्ही अंगांच्या ओसऱ्या, एकासारख्या एक कमानी आणि एकावर एक मजले पाहताना हा हिशेब उलगडतो. उन्हाच्या तडाख्यातून ओसरीत पाऊल टाकले की गारवा लगेच जाणवतो. या इमारतींत नक्षी नाही, रंगीत दगड नाही. आहे ती नुसती शिस्त. पण शिस्त म्हणूनही ती चांगली बांधलेली आहे.

वाचलेल्या महालांचेही हाल झाले. मुमताज महालाचा काही काळ लष्करी तुरुंग झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लॉर्ड कर्झनच्या पुढाकाराने पुरातत्त्व खात्याने महालांची डागडुजी हाती घेतली. दिवाण-ए-आममधल्या सिंहासनामागचे रंगीत दगडांचे चौकोन लंडनच्या संग्रहालयात गेले होते, ते परत आणून बसवले गेले. १९११च्या दरबाराच्या वेळी पंचम जॉर्ज आणि राणी मेरी यांनी मुसम्मन बुरुजाच्या झरोक्यात उभे राहून लोकांना दर्शन दिले. मोगल बादशहाची ही जुनी रीत इंग्रज राजाने उचलली, तेव्हा पाठीमागे बराकींत त्याचीच फौज राहत होती.

बराकींच्या इतिहासातला सर्वांत मोठा प्रसंग मात्र १९४५ चा आहे. आझाद हिंद सेनेचे तीन अधिकारी, शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरबक्षसिंग धिल्लाँ, यांच्यावरचा लष्करी खटला ५ नोव्हेंबरला याच किल्ल्यात सुरू झाला. किल्ल्यात शहाजहानच्याही आधीची एक बारव आहे. तिच्या पायऱ्यांलगतच्या खोल्यांना गज लावून तिथे या तिघांना ठेवले होते, असे सांगतात. राजाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा आरोप होता. सरकारच्या बाजूने ॲडव्होकेट जनरल नौशेरवान इंजिनियर उभे होते. बचावाची मुख्य धुरा भुलाभाई देसाई यांनी वाहिली. त्यांच्याबरोबर तेजबहादूर सप्रू, कैलासनाथ काटजू, असफ अली ही मंडळी होती आणि जवाहरलाल नेहरूंनी अनेक वर्षांनी वकिलाचा झगा चढवला होता. पारतंत्र्यातल्या लोकांना स्वातंत्र्यासाठी युद्ध करण्याचा हक्क आहे आणि तो आंतरराष्ट्रीय कायद्याला धरून आहे, हा भुलाभाईंचा युक्तिवाद. एक मुसलमान, एक हिंदू आणि एक शीख अशा तिघांना एकाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा परिणाम सरकारच्या अपेक्षेबाहेर गेला. देशभर निदर्शने झाली. तिघे दोषी ठरले, जन्मठेप झाली, पण सरसेनापती ऑकिनलेक यांना ती शिक्षा माफ करावी लागली आणि जानेवारी १९४६ च्या सुरुवातीला तिघेही सुटले. पुढच्याच महिन्यात मुंबईत नौसैनिकांचे बंड झाले. ज्या पलटणींवर राज्य उभे होते त्यांच्यावर भरवसा उरला नाही, हे त्यानंतर कोणाला सांगावे लागले नाही.

स्वातंत्र्यानंतर किल्ल्यावर तिरंगा फडकला, तो १६ ऑगस्ट १९४७ ला. पुढच्या वर्षी गांधीजींच्या हत्येचा खटलाही किल्ल्यातच विशेष न्यायाधीश आत्माचरण यांच्यासमोर चालला आणि १० फेब्रुवारी १९४९ ला निकाल लागला. आरोपींत बहुतेक जण महाराष्ट्रातले होते, ही गोष्ट मराठी माणसाला इथे उभे असताना आठवतेच. छावणी मात्र हलली नाही. इंग्रज फौज गेली, भारतीय सेना आली आणि किल्ल्याचा मोठा भाग सामान्य माणसाला बंदच राहिला. डिसेंबर २००० मध्ये अतिरेक्यांनी किल्ल्यातल्या लष्करी तळावर हल्ला केला. डिसेंबर २००३ मध्ये सेनेने किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या हवाली केला. १८५७ पासून धरले, तर जवळपास दीडशे वर्षांनी इथली छावणी उठली. २००७ मध्ये युनेस्कोने किल्ल्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतले.

मग या बराकींचे करायचे काय? त्या राजवाड्याच्या छाताडावर बांधलेल्या, म्हणून पाडून टाकाव्यात, हा विचार कोणाच्याही मनात येईल. तो चुकीचा आहे. त्या पाडल्या म्हणून महताब बाग परत येणार नाही. आझाद हिंद सेनेच्या खटल्याशी जोडलेल्या वास्तू मात्र जातील. त्या राखून वापरात आणण्याचा निर्णय योग्यच झाला. २३ जानेवारी २०१९ ला, नेताजींच्या जयंतीला, दुरुस्त केलेल्या बराकींमध्ये ‘क्रांती मंदिर’ या नावाने संग्रहालये उघडली. नेताजी आणि आझाद हिंद सेना हा एकाचा विषय, १८५७ हा दुसऱ्याचा, जालियनवाला बाग आणि पहिले महायुद्ध हा तिसऱ्याचा. चौथे ‘दृश्यकला’ हे चित्रकलेचे. डिसेंबर २०२३ मध्ये आणखी एका बराकीत हस्तकला आणि रचनाकलेचे केंद्र सुरू झाले.

यांतले नेताजींचे दालन मला सर्वांत मोलाचे वाटते. त्यांची लाकडी खुर्ची आणि तलवार, सेनेची पदके, बिल्ले, गणवेश या वस्तू खटल्याच्या जागी पाहायला मिळतात, हे भाग्य फार थोड्या संग्रहालयांना लाभते. १८५७च्या दालनातून इकडे यावे, म्हणजे एक धागा हाती लागतो. मोरोपंत तांब्यांची लेक झाशीची राणी झाली आणि लढता लढता पडली. नेताजींनी सिंगापुरात स्त्रियांची पलटण उभारली, तिला त्याच राणीचे नाव दिले. त्या पलटणीच्या कॅप्टन लक्ष्मी स्वामिनाथन यांनी पुढे प्रेमकुमार सहगल यांच्याशी लग्न केले.

बराकींमागून चालत मी महालांकडे गेलो. दिवाण-ए-खास पाहिला, छत मान वर करून पाहिले. किल्ल्याच्या उत्तर टोकाला, पुलापलीकडे सलीमगड आहे. तो लाल किल्ल्याहून जवळपास शंभर वर्षांनी जुना. इंग्रजांनी त्याच्यामधून रेल्वे नेली आणि आझाद हिंद सेनेच्या कैद्यांना तिथेही डांबले.

एका गोष्टीची उणीव मात्र मला दिवसभर वाटत राहिली. बराकींमध्ये सगळ्या स्वातंत्र्यलढ्याची कथा आली आहे, पण पाय ठेवतो त्या जमिनीवर आधी काय होते, हे तिथल्या तिथे कळत नाही. फर्ग्युसनने दीडशे वर्षांपूर्वी मागितला तो नकाशा आता काढता येण्यासारखा आहे. उठावापूर्वीचे आराखडे आणि चित्रे उपलब्ध आहेत. प्रत्येक बराकीच्या दाराशी, त्या जागी उभ्या असलेल्या चौकाचा, बागेचा किंवा महालाचा एक आराखडा लावावा, ही पुरातत्त्व सर्वेक्षणाला विनंती. आणि महाराष्ट्रातून दिल्लीला जाणाऱ्यांना एवढेच सांगणे: सोमवार टाळून जा, त्या दिवशी किल्ला बंद असतो, आणि छत्ता चौक संपला की आधी डावीकडे वळा.