जुना लॅपटॉप पुसताना

चि. मुग्धा,

जुना लॅपटॉप विकण्याआधी, कुणाला देण्याआधी किंवा घरातच नव्याने वापरायला काढण्याआधी दोन वेगळी कामे करावी लागतात. डिस्कवरची जुनी माहिती कायमची पुसणे हे पहिले आणि रिकाम्या डिस्कवर ऑपरेटिंग सिस्टीम पुन्हा बसवणे हे दुसरे. दुसरे केले की पहिले आपोआप झाले, असे बहुतेक लोक धरून चालतात आणि तिथेच फसतात. नवी विंडोज बसवलेल्या, दिसायला कोऱ्या लॅपटॉपमधूनही आधीच्या मालकाचे आधार कार्ड, बँकेची स्टेटमेंट आणि मुलांचे फोटो फुकट मिळणाऱ्या प्रोग्रामने परत काढता येऊ शकतात.

असे का होते, हे फाइलची नोंद कशी ठेवली जाते त्यावरून कळते. विंडोजच्या एनटीएफएस या रचनेत प्रत्येक फाइलची नोंद एका मुख्य तक्त्यात असते: नाव, तारीख, आकार आणि मजकूर डिस्कच्या कोणत्या भागात आहे तो पत्ता. फाइल डिलीट केली, रीसायकल बिनही रिकामी केली, तरी फक्त ती नोंद बाद होते आणि जागा मोकळी समजली जाते. फिरत्या हार्ड डिस्कवर मजकूर तसाच राहतो. सातबाऱ्यावरचे नाव कमी केले म्हणून शेतातले पीक नाहीसे होत नाही, तसेच हे. क्विक फॉरमॅटमध्ये तक्ताच नवा मांडला जातो, पण मजकूर त्यातही शाबूत असतो. पूर्ण फॉरमॅट मात्र विंडोज व्हिस्टापासून त्या पार्टिशनवर सर्वत्र शून्ये लिहितो. म्हणून त्याला काही तास लागतात, आणि म्हणूनच घाईत तो टाळला जातो.

याचा परिणाम किती मोठा असतो, हे अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या सिमसन गारफिंकेल आणि अभी शेलाट या दोघांनी २००३ साली दाखवून दिले. त्यांनी जुन्या बाजारातून १५८ हार्ड डिस्क विकत घेतल्या. त्यांपैकी १२९ चालू निघाल्या आणि नीट पुसलेल्या होत्या फक्त १२. बाकीच्यांमध्ये क्रेडिट कार्डांचे हजारो क्रमांक, खासगी पत्रे आणि रुग्णांविषयीचा मजकूर सापडला. त्या डिस्क विकणाऱ्यांपैकी अनेकांनी फॉरमॅट केलेला होता, हे यात विशेष लक्षात घेण्यासारखे आहे.

पुसण्याआधी प्रत काढून ठेवायची, हे सर्वांना माहीत असते. चूक होते ती कुठे काय आहे हे न शोधल्यामुळे. ‘डॉक्युमेंट्स’ आणि ‘पिक्चर्स’ हे फोल्डर उचलले की काम झाले असे वाटते, पण टॅलीचा हिशेब बऱ्याचदा टॅलीच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये असतो, आउटलुकची टपाल फाइल लपवलेल्या फोल्डरमध्ये असू शकते आणि ब्राउझरमधले पासवर्ड वेगळेच कुठे तरी. सगळे मिळून दोन प्रती असाव्यात आणि त्या वेगवेगळ्या जागी ठेवाव्यात. प्रत घेतली एवढ्यावर न थांबता दुसऱ्या संगणकावर तिच्यातल्या निरनिराळ्या प्रकारच्या फाइल उघडून पाहाव्यात. जी उघडून पाहिलेली नाही, तिला प्रत समजू नये.

मराठी कामकाज झालेल्या जुन्या लॅपटॉपच्या बाबतीत आणखी एक अडचण असते आणि तिच्याकडे जवळजवळ कुणाचेच लक्ष जात नाही. श्रीलिपी, सी-डॅकचे आयएसएम, कृतिदेव अशा साधनांनी टंकलेला जुना मजकूर बहुधा युनिकोडमध्ये नसतो. त्या फाइलमध्ये प्रत्यक्षात रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचे संकेत साठवलेले असतात, आणि त्यांना देवनागरी रूप देतो तो विशिष्ट फाँट. लॅपटॉप पुसला की फाँट गेला. जपून ठेवलेली फाइल मग नव्या संगणकावर निरर्थक रोमन अक्षरांची रांग म्हणून उघडते. दिवाळी अंक, स्मरणिका, संस्थांचे अहवाल, लग्नपत्रिका असे पुष्कळ काम अनेक वर्षे पेजमेकरमध्ये याच फाँटांत झाले. म्हणून जुनी सिस्टीम चालू असतानाच अशा प्रत्येक फाइलची पीडीएफ काढून घ्यावी. वापरलेले फाँट वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावेत आणि मजकूर परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणावा. परिवर्तक रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरे हमखास बिघडवतात. तेव्हा परिवर्तित मजकूर पीडीएफशी ताडून तपासावा लागतो. काम कंटाळवाणे आहे, पण या सगळ्या खटाटोपात सर्वांत मोलाचे काम तेच आहे.

त्यानंतर खाती आणि परवाने. टॅलीचा परवाना त्या विशिष्ट संगणकाशी बांधलेला असतो, तो आधी सरेंडर करावा. मायक्रोसॉफ्ट, गूगल आणि अॅपलच्या खात्यांतून बाहेर पडावे. मॅक असेल तर ‘फाइंड माय’ बंद करणे अत्यावश्यक आहे, नाही तर ॲक्टिव्हेशन लॉक असलेल्या मॅकवर पुढच्या माणसाला जुन्या मालकाचा पासवर्ड मागितला जातो. डिस्कवर बिटलॉकर ही विंडोजची कूटबद्ध करण्याची सोय चालू असेल, तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी असावी.

आता प्रत्यक्ष पुसणे. येथे पहिला प्रश्न डिस्क कोणत्या जातीची आहे हा. फिरत्या चकत्यांची हार्ड डिस्क आणि चिपवर चालणारा एसएसडी यांना एकच उपाय लागू पडत नाही.

हार्ड डिस्कवर प्रत्येक जागी एकदा नवे काही लिहिले की जुने गेले. पस्तीस वेळा लिहावे लागते, असा समज अजून टिकून आहे. त्याचे मूळ पीटर गटमन यांच्या १९९६ सालच्या निबंधात आहे. तो निबंध त्या काळातल्या निरनिराळ्या जुन्या तंत्रांच्या डिस्क लक्षात घेऊन लिहिलेला होता, आणि आजच्या डिस्कवर पस्तीस फेऱ्या करण्यात अर्थ नाही हे गटमन यांनीच पुढे स्पष्ट केले. एक फेरी पुरते. विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करून शिफ्ट आणि एफ१० दाबले की आज्ञा लिहिण्याची काळी खिडकी उघडते. तिथे ‘डिस्कपार्ट’मध्ये योग्य डिस्क निवडून ‘क्लीन ऑल’ ही आज्ञा दिली की संपूर्ण डिस्कवर शून्ये लिहिली जातात. नुसते ‘क्लीन’ लिहिले तर फक्त पार्टिशनची माहिती जाते, हा फरक लक्षात ठेवावा. सेकंदाला शंभर एमबीच्या वेगाने एक टीबीच्या डिस्कला सुमारे पावणेतीन तास लागतात. प्रती ठेवलेली बाहेरची डिस्क या वेळी लॅपटॉपला अजिबात जोडलेली नसावी. डिस्कपार्टच्या यादीत डिस्क केवळ क्रमांकाने आणि आकाराने ओळखावी लागते, आणि चुकीचा क्रमांक निवडला तर जपलेलेच पुसले जाते.

एसएसडीचे गणित वेगळे आहे. चिपमधला प्रत्येक कप्पा ठरावीक वेळाच लिहिता येतो. त्यामुळे झीज सगळीकडे सारखी व्हावी म्हणून आतला कंट्रोलर लिखाण सतत वेगवेगळ्या जागी नेतो. वरून एखाद्या जागी लिहिले, तरी आत ते नव्याच कप्प्यात जाते आणि जुना कप्पा काही काळ तसाच राहतो. शिवाय काही जागा राखीव असते आणि ती ऑपरेटिंग सिस्टीमला दिसतही नाही. म्हणून एसएसडीवर शून्ये लिहिण्याचा मार्ग अपुरा आहे. योग्य मार्ग म्हणजे डिस्कच्या कंट्रोलरलाच पुसण्याची आज्ञा देणे. साटा जोडणीच्या एसएसडीसाठी तिला सिक्युअर इरेज म्हणतात, एनव्हीएमई जोडणीच्या एसएसडीसाठी फॉरमॅट किंवा सॅनिटाइझ. कार्यालयीन वापराच्या अनेक लॅपटॉपांत ही सोय बायोसमध्येच असते, नसेल तर लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून ही आज्ञा देता येते. ‘डिस्क फ्रोझन आहे’ असा नकार मिळाला तर लॅपटॉप क्षणभर स्लीपमध्ये घालून जागा केला की बहुधा आज्ञा चालते. सगळे काम काही सेकंदांत किंवा मिनिटांत होते. ही आज्ञा डिस्क बनवणाऱ्याने नीट बसवलेली असेलच असे नाही, हे सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ साली दाखवले होते. म्हणून पुसून झाल्यावर फोटोरेकसारखा फाइल शोधणारा प्रोग्राम चालवून काही हाती लागते का ते पाहावे.

सर्वांत भक्कम बंदोबस्त मात्र आधीपासून करायचा असतो. डिस्क पहिल्या दिवसापासून बिटलॉकर किंवा मॅकवरच्या फाइलव्हॉल्टने कूटबद्ध असेल, तर किल्ली नष्ट झाली की उरलेला मजकूर वाचता येत नाही. नव्या मॅकवरची ‘इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज’ ही सोय याच तत्त्वावर चालते. बंद पडलेल्या डिस्कला कोणतीही आज्ञा देता येत नाही. ती काढून फोडावी आणि उरलेला लॅपटॉप भंगारात न घालता अधिकृत ई-कचरा केंद्रात द्यावा.

आता बसवणे. विंडोज १० ची नियमित सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा सोय, ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. जो लॅपटॉप यात बसतो, त्यावर विंडोज ११ बसवावी. किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह आणि मायक्रोसॉफ्टचे मीडिया क्रिएशन टूल एवढ्यात भागते. विंडोज ८ पासूनच्या बहुतेक लॅपटॉपांत परवान्याची किल्ली मदरबोर्डवरच असते. तीच आवृत्ती बसवली की ती किल्ली आपोआप लागू होते, वेगळा क्रमांक मागितला तर तो टप्पा वगळता येतो. दुकानात मिळणारी क्रॅक केलेली प्रत घेऊ नये. स्वच्छ पुसलेल्या डिस्कवर पहिलीच वस्तू अज्ञाताने फेरफार केलेली बसवणे, हे पुसण्याच्या साऱ्या श्रमांवर पाणी ओतणे आहे.

जो लॅपटॉप अटीत बसत नाही, त्यासाठी लिनक्स मिंट हा उत्तम पर्याय आहे. ४ जीबी रॅमवर तो नीट चालतो, त्याची २२ क्रमांकाची मालिका २०२९ पर्यंत सांभाळली जाणार आहे आणि बसवण्याआधी पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येतो. वायफाय, आवाज, कॅमेरा तेव्हाच तपासावेत. पेनड्राइव्हवरून सुरू करण्यासाठी डेल आणि लेनोव्होमध्ये बहुधा एफ१२, एचपीमध्ये एफ९ दाबावे लागते. नव्या सिस्टीमला वायफाय ओळखता आले नाही, तर मोबाइल यूएसबीने जोडून त्याच्या इंटरनेटवर ड्रायव्हर उतरवता येतात. चार्जर लावलेला ठेवावा. बॅटरी निकामी असेल आणि भारनियमनात मधेच वीज गेली तर लॅपटॉपचे नुकसान होत नाही, पण बसवणे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. शेवटी मराठी इनस्क्रिप्ट किंवा फोनेटिक कीबोर्ड जोडावा. त्यापुढचे मराठी काम युनिकोडमध्येच व्हावे.

तुझ्या बाबांचा लॅपटॉप शाळेला द्यायचा आहे, तर घाई करू नकोस. त्यातल्या श्रीलिपीच्या फाइल आधी काढून घे, तपासून घे, आणि मगच डिस्कला हात लाव.

तुझा,
मामा