दगडाच्या पोटातला किडा

कलाशाखेच्या मुलाने किड्यांवर लेख लिहावा, हा तसा आगाऊपणाच. पण त्याला कारण आमचे बाबा आहेत.

रबाळ्याच्या मागे पारसिकचा डोंगर. तिथल्या एका खाणीत बाबांनी बारा वर्षे दगड फोडला. आता जिना चढताना त्यांना धाप लागते. गेल्या दिवाळीच्या सुटीत मी वाचले, की नागपूरच्या टाकळीला असल्याच काळ्या खडकांच्या मधल्या थरात किडे सापडले होते. रात्री जेवताना विचारले, ‘‘बाबा, तुम्हाला कधी दगडात किडा दिसला?’’

‘‘येडा का रं? दगडाच्या पोटात दगडच असतो.’’

त्यांचे खरेच होते. आपला काळा पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हा. त्यात किडा जळूनच जायचा. पण एक लोट थंडावला आणि दुसरा आला, त्यामध्ये बराच काळ गेला. तेवढ्यात खड्ड्यांतून तळी साचली, गाळ बसला, गाळात किडे रुतले. (वरळीला अशाच थरात बेडूक मिळाले आहेत!) टाकळीचे किडे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी जमवले. आज त्या थरांचे वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे धरतात.

मिळाले होते ते मुख्यतः भुंगेऱ्यांचे वरचे कडक पंख. नखाएवढ्या तुकड्यावरून नवी प्रजाती ठरवायची म्हणजे काय? पंखाचा आकार, त्यावरच्या रेघा, खळगे ओळखीच्या प्रत्येक प्रजातीशी ताडून पाहायचे. कुठेच जुळले नाही, तर वेगळेपण असे लिहायचे की शंभर वर्षांनी दुसऱ्याला तोच नमुना हाती घेऊन ते तपासता यावे. मग लॅटिन वळणाचे नाव. अँड्र्यू मरे यांनी १८६० मध्ये हे काम केले. एक भुंगेरा झाला ‘लोमॅटस हिस्लोपाय’. पुढे १८६३ मध्ये टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना हिस्लॉप पुराच्या पाण्यात बुडाले. किड्याच्या नावात ते राहिले.

हे सारे मी बाबांना रंगवून सांगितले. ते भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकत होते.

‘‘आन् दगड फोडला कुणी? सायबानंच?’’

मी पुन्हा पुस्तक चाळले. मी वाचले त्यात तरी ते नाव नव्हते. बाबा काही बोलले नाहीत, हात धुवायला उठले.

पुढच्या रविवारी माळ्यावरची जुनी छिन्नी काढून ते तिचा गंज घासत बसले होते. मला पाहून म्हणाले, ‘‘नागपूरची गाडी ठाण्याला थांबती का रं?’’