गेला, जाई, गेला होता

'गो–वेन्ट–गॉन' हा मंत्र घोकल्याशिवाय महाराष्ट्रात कोणाचेही इंग्रजी शिक्षण पुरे झालेले नाही. क्रियापदांच्या तीन रूपांचा तक्ता आणि समोर मराठी अर्थ : जाणे, गेला, गेलेला. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पोसलेल्या पिढ्यांपासून आजच्या मार्गदर्शिकांपर्यंत हीच रीत चालत आली. तक्ता सोयीचा आहे, याबद्दल वाद नाही. पण त्यातून एक समज नकळत रुजतो : भूतकाळ सर्वत्र एकच असतो, भाषेगणिक फक्त त्याचे शब्द बदलतात. आम्ही शिकवतो मराठी, इंग्रजी नव्हे. तरीही हा समज आमच्या वर्गात वारंवार आडवा येतो.

या विषयाकडे आम्ही वळलो ते फादर थॉमस स्टीफन्समुळे. एम. ए.च्या वर्गात 'ख्रिस्तपुराण' शिकवताना त्याचे चरित्र सांगावे लागते. जन्माने इंग्रज असलेला हा जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरला. त्याचे मराठी पुराण १६१६ साली रायतूरला छापले गेले. आणि त्याने रचलेले कोकणीचे व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर, १६४० साली, तेथेच प्रसिद्ध झाले. भारतीय भाषेचे छापून निघालेले हे पहिले व्याकरण मानतात. मातृभाषा इंग्रजी, ग्रंथाची भाषा पोर्तुगीज, विषय कोकणी आणि मनातला साचा लॅटिनचा! 'गेला' हे रूप या माणसाने कोणत्या खणात टाकले असेल, या कुतूहलापोटी आम्ही पोर्तुगीज क्रियापदांचे तक्ते चाळू लागलो. तेरेखोलची खाडी ओलांडली की पलीकडे १९६१ पर्यंत त्याच भाषेचे राज्य होते. पण आमच्या किनाऱ्याला तिची नामे तेवढी मिळाली, क्रियापदे नाहीत. 'पगार' हा शब्द पाहा. मुळात ते पोर्तुगीज क्रियापद, 'पैसे चुकते करणे' या अर्थाचे. आपल्याकडे येताना ते आपले सारे काळ जहाजावरच ठेवून आले आणि नाम होऊन बसले. (तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या आमच्या तरुण सहकाऱ्यांना पगाराचे काळ कोणते, हे विचारू नये.)

तर इंग्रजी 'वेन्ट'. पोर्तुगीजमध्ये त्याचा अर्थ विचारला तर उत्तराऐवजी प्रश्न येतो : एकदा गेला, की नेहमी जात असे? एकदा गेला असेल तर 'फोय'. जात असे किंवा जात होता, तर 'ईया'. इंग्रजी रूप याबाबत गप्प राहते. एकदाच की नेहमी, ते आजूबाजूच्या शब्दांवरून ताडायचे. गंमत अशी की, 'फोय' म्हणजे 'गेला' आणि 'फोय' म्हणजे 'होता'सुद्धा. 'जाणे' आणि 'असणे' या दोन क्रियापदांचे हे रूप त्या भाषेत एकच आहे. तक्ता करणाऱ्याने या शब्दासमोर काय लिहावे?

मराठी माणसाला यातला पहिला भेद परका वाटू नये. 'गेला' आणि 'जाई' ही जोडी आपल्याकडे आहेच. व्याकरणकारांनी 'जाई'ला रीतिभूतकाळ असे नाव दिले. पण अलीकडे वर्गात 'आजी रोज देवळात जाई' हे वाक्य वाचून दाखवले की, काही विद्यार्थ्यांना त्यात वर्तमानकाळ ऐकू येतो. ते अगदीच चुकत नाहीत. 'करी', 'बोले' ही रूपे ज्ञानेश्वरीच्या काळी वर्तमानाचीच होती. 'मनी वसे ते स्वप्नी दिसे' या म्हणीत ती अजून तशीच आहेत. पुढे 'करतो', 'बोलतो' यांनी ती जागा घेतली आणि जुनी रूपे मागे सरकून भूतकाळातल्या सवयी सांगू लागली. आता तेथूनही 'जायची', 'सांगायची' त्यांना हुसकावीत आहेत.

आता एक उत्तरपत्रिकेतले वाक्य : 'यस्टरडे आय हॅड गॉन टू वेंगुर्ला.' यावर तांबडी शाई ठरलेली. 'काल' म्हटले की साधा भूतकाळ, हा नियम. तो इंग्रजीपुरता बरोबरच आहे. परंतु मुलाच्या मनात 'काल मी वेंगुर्ल्याला गेलो होतो' हे वाक्य आहे. 'काल मी वेंगुर्ल्याला गेलो' एवढेच म्हटले तर ऐकणारा 'मग?' म्हणून थांबतो. 'गेलो होतो' म्हटले की जाऊन आलो, विषय मिटला. इंग्रजी 'हॅड गॉन' मात्र विचारते : कशाच्या आधी? मुलाला काळ कळत नाही असे नव्हे. त्याच्या भाषेने काळाची वाटणी निराळी केली आहे. त्याच्या घरची मालवणी तर याहून चपळ. 'खंय गेल्लंस?' यात 'होतास' वेगळा लागत नाही. एका जोड 'ल'मध्ये तो मुरला आहे. पोर्तुगीजमध्येही 'गेला होता'साठी 'फोरा' असे एकशब्दी रूप आहे. आता ते बहुधा पुस्तकांतच भेटते.

आणखी एक गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. प्रमाण मराठीत 'त्याने गोष्ट सांगितली' म्हणताना क्रियापद गोष्टीच्या मागे जाते, सांगणाऱ्याकडे वळूनही पाहत नाही. पोर्तुगीज 'दिस्स' (म्हणाला, म्हणाली) यात कर्ता क्रियापदाच्या पोटातच असतो. स्त्री की पुरुष, हे मात्र कळत नाही. नेमके हेच मालवणी 'सांगल्यान' करते! तेथे सांगणाऱ्याचे वेगळे नाव घेतले नाही तरी चालते, आणि तो बाप की आवस, हे प्रसंगावरून ओळखायचे. ही उसनवारी आहे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. दोन दूरच्या भाषा आपापल्या वाटेने एकाच सोयीला पोचल्या, इतकेच. पण 'सांगल्यान' हे 'सांगितले'चे अशुद्ध रूप आहे, असे आमच्या विद्यार्थ्यांच्या मनावर शाळेपासून बिंबवलेले असते. अशुद्ध कसे? प्रमाण रूपात जे नाही, ते त्यात आहे.

हल्ली भाषांतराच्या तासाला आम्ही 'ग्रँडमदर टोल्ड अस स्टोरीज' एवढेच वाक्य फळ्यावर लिहितो. बहुतेक वह्यांत 'आजीने आम्हांला गोष्टी सांगितल्या' असे उतरते, म्हणजे वर्षानुवर्षे रात्री उशाशी बसणारी आजी एका संध्याकाळीच आटोपते. गेल्या वर्षी मागच्या बाकावरून एकीने विचारले, ''पण आजी आता आहे की नाही, त्यावर नाही का ते ठरणार?'' 'सांगे' लिहिले तर ती गेली असे वाटते, असे तिचे म्हणणे. दुसरीला ते मान्य नव्हते. तिची आजी जिवंत होती, फक्त आता तिला गोष्टी आठवत नव्हत्या, आणि तिने 'सांगायची' असे लिहिले होते. घंटा झाली तरी दोघी फळ्यापाशी भांडत होत्या.