हातातला हात

सणसवाडीत समुद्र आठवावा असं काही नाही. नगर रस्त्यावरून कंटेनर धडधडत जातात, कारखान्यांच्या पाळ्या बदलतात, वैशाखात वारा सुटला की बांधावरची माती उठून आभाळभर होते. शिरूर तालुक्याच्या या पट्ट्यात माणूस पावसाकडं डोळे लावून वाढतो. मी नौदलात निघालो तेव्हा आई म्हणाली होती, तिथं पाण्याला तरी कमी नसेल.

तिला मी १७ मे २०२१ ची रात्र कधी सांगितली नाही.

तौक्ते वादळ मुंबईसमोरून वर सरकत होतं. हीरा तेलक्षेत्रात पी-३०५ या बार्जचे नांगर सुटले, ती भरकटत तेलविहिरीच्या फलाटावर आदळली आणि बुडाली; तिच्यावर २६१ माणसं होती. कोची आणि कोलकाता या युद्धनौका धावल्या; त्यांतल्या एकीवर मी होतो. आभाळ आणि पाणी यांच्यातली रेघ पुसली गेली होती. पाऊस आडवा मारत होता, डेक पायाखालून निघून जाई आणि पुन्हा गुडघ्यांवर येऊन आदळे, सर्चलाइटच्या झोतात लाटेचा काळा उतार उजळे, त्यावर लाइफ जॅकेटचा नारिंगी ठिपका दिसे, लाट उलटे, ठिपका नाहीसा होई, आणि पुढच्या लाटेनं तो परत वर आणावा म्हणून आम्ही नाव-गाव ठाऊक नसलेल्या माणसासाठी मनात नवस बोलत राहू.

कधी लाट रिकामीच येई.

जाळीवरून वर चढणाऱ्या एकाचं मनगट माझ्या हाती लागलं. कातडी पांढरी, सुरकुतलेली, बोटं आखडलेली. डेकवर त्याला ब्लँकेट गुंडाळलं, चहा पुढं केला; कप त्याला धरता येईना. उजवी मूठ उघडतच नव्हती. रात्रभर तो आणि त्याचे सोबती एकमेकांचे हात धरून तरंगले होते. त्याच्या हातातला हात कधी सुटला ते त्याला आठवत नव्हतं, आणि तेच तो मला पुन्हा पुन्हा विचारत होता. मी त्याची बोटं करंगळीपासून एकेक चोळत राहिलो. अंगठ्याशी आलो तेव्हा तो रडला.

पी-३०५ वरची १८६ माणसं वाचली. त्याचा मला अभिमान आहे, मोठा आहे. पण रात्री जाग येते ती त्या प्रश्नानं.

आता गावात खोल्या भाड्यानं घेऊन राहणारी पोरं आहेत, बिहारची, ओडिशाची, कंत्राटदाराकडं कामाला आलेली. बार्जवरचीही अशीच, कामामागं समुद्रापर्यंत पोचलेली. पाळी सुटली की ती टपरीवर चहाला थांबतात, हाताला ग्रीसचा वास, डोळ्यांत झोप. मी एखाद्याला विचारतो, घरी फोन केलास का?

“किया था चाचा, परसों.”

“आजही कर,” मी म्हणतो, आणि त्यानं नंबर लावेपर्यंत तिथून हलत नाही.