मोरीपाशी पुदिना

सोलापुरात पुदिना कुठे लावायचा हे कुणाला विचारावं लागत नाही. तो मोरीच्या कडेला लागतो. भाजी आणि तांदूळ धुतल्याचं पाणी वाहत जातं त्या ओलसर पट्ट्यात, बाजारच्या जुडीतली पानं खुडून उरलेल्या काड्या खोचून द्यायच्या. त्या काही दिवस मरगळतात, मग मान वर करतात आणि पुढे आपल्याला न विचारता पसरत राहतात.

आमच्याकडे उपयोगी झाडांची निवड माणूस करतो की पाणी, याचा मला नेहमी संभ्रम पडतो. एकरूखचा तलाव १८७१ साली बांधून झाला, पुढे भीमेवरच्या उजनीचं पाणी आलं, तरी नळ काही दिवसांच्या अंतरानेच वाहायचा, ही या शहराची अंगवळणी पडलेली गोष्ट. नळाला पाणी यायच्या दिवशी पिंपं, घागरी रिकाम्या होतात आणि तळाशी उरलेलं ते ‘शिळं’ पाणी कुंड्यांच्या वाट्याला येतं. त्या पाण्यावर जे तगेल ते आपलं. ब्राह्मीला सदैव ओल लागते, म्हणून तिला ठिबकणाऱ्या माठाखाली जागा. पानओव्याला मात्र दोन पाळ्या चुकल्या तरी चालतं; त्याच्या जाड, लवदार पानांत त्याची स्वतःची बेगमी असते, आणि पावसाच्या पहिल्या संध्याकाळी बेसनात बुडवून त्याची भजी केली की घरभर ओव्याचा दरवळ सुटतो. कोरफडीचं तर बोलायलाच नको. तिला मारायचं असेल तर प्रेमाने रोज पाणी घालावं.

मातीचंही तसंच. इथली काळी माती शेतात ज्वारीची माय, पण कुंडीत नुसती भरली तर पाण्याने चिकट गोळा होते आणि उन्हाने आक्रसून कडेला फट सोडते. वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली निघून जातं, मुळं कोरडीच. म्हणून तिच्यात वाळू आणि मुरलेलं शेणखत सढळ हाताने मिसळावं लागतं. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४३ अंशांच्या पुढे जातो तेव्हा वरून हिरवी जाळी. गवती चहाची पाती तरीही टोकाकडून करपतात, पण बुडखा जिवंत असतो.

अडुळसा माझ्या आजीच्या परसात कुंपण म्हणून होता, औषध म्हणून नंतर. शेळी त्याला तोंड लावत नाही, हा त्याचा पहिला गुण. कुणाला खोकला झाला की आजी चार पानं तव्यावर गरम करून मऊ करायची, फडक्यात पिळून हिरवागार कडू रस काढायची आणि मधात कालवून बोटाने चाटवायची. पुढे कळलं, की खोकल्याच्या बाटल्यांतलं ब्रोमहेक्झिन याच झाडातल्या वासिसिनवरून घडवलेलं आहे. आजीला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, मग बाटली कशाला?

तरी झाडावर आंधळा भरवसा नसावा. करोनाच्या काळात घरोघर कडुनिंबावर गुळवेल चढली आणि रोज उकळून प्यायली गेली. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी काही रुग्णांच्या यकृताला झालेल्या इजेचा तिच्याशी संबंध जोडला, आयुष मंत्रालयाने तो अमान्य केला. वाद आहे. मी वेल ठेवली, काढा सोडला.

पूर्व भागातल्या पद्मशाली विणकरांच्या गल्ल्यांत अंगण असं नसतंच. यंत्रमागाच्या खडखडाटात, उंबऱ्याशी पत्र्याच्या डब्यात कढीपत्ता उभा असतो आणि जमलं तर शेजारी अंबाडी, तेलंगणातून आलेली त्यांची पुंटिकुरा. आमटीला फोडणी घालायच्या वेळी समोरच्या घरातलं पोर येऊन एक डहाळी मोडून नेतं, विचारलंच तर नेता नेता. झाड उपयोगी आहे की नाही हे मला अशा मोडलेल्या डहाळ्यांवरून अधिक कळतं. कधी वाटतं, तुळशीच्या मंजिऱ्या आपण खुडतो, आणि खुडल्यामुळेच ती नवे फाटे काढून दाट होते; शेजारपाजारही झाडांचं हेच काम फुकटात करून देतो.

शेजारच्या काकूंची फर्माईश दवण्याची आहे, चैत्रात देवाला वाहायला. थंडीत रोप लावून बघायचं म्हणतो. तोवर पाण्याची पाळी लांबली नाही तर.